खालाला आतून बघायचं होतं

आमच्या खालाने नवी मुंबईच्या उलव्यात जेवढे फ्लॅट बघितले, तेवढे एखाद्या एजंटनेही बघितले नसतील. विकत मात्र एकही घेतला नाही, कारण घ्यायचाच नव्हता. तिचा स्वतःचा फ्लॅट आमच्या समोरच होता आणि त्यात ती सुखात होती. पण नवा टॉवर उभा राहिला, गेटवर फुगे लागले आणि ‘सॅम्पल फ्लॅट तयार’ असा बोर्ड झळकला की खालाची पावलं आपोआप तिकडे वळायची. इस्त्रीचा ड्रेस, डोक्यावरून ओढणी, हातात लेकाने परदेशातून आणलेली पर्स, अशी गिऱ्हाईक होऊन ती आत शिरायची. मग ओट्याखालचे कप्पे उघडणार, नळ सोडून बघणार, फ्लश ओढणार, गॅलरीत उभी राहून वारा कुठून येतो ते तपासणार. टाय लावलेला पोरगा मागे मागे फिरून हप्ते समजावत असायचा. बाहेर आल्यावर ती मला निकाल सांगायची, “फोटोत हॉल हाय, आत गेलं की नुसता बोळ. आतून बघितल्याबिगर काय कळत नाय, वैशू.”

हे तिचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते ती फ्लॅटपुरतं ठेवत नसे. मिठाईच्या दुकानात पेढे घेण्याआधी तिला मागची भट्टी बघायची असायची. बँकेत लॉकर नव्हता, तरी लॉकरची खोली बघून आली. गणपतीत सगळे मूर्तीसमोर हात जोडून उभे असताना ही मखराच्या मागे जाऊन थर्माकोल कशाने चिकटवलाय ते बघत होती. माझा फ्रीज तर तिने इतक्या वेळा उघडला होता, की कुठल्या डब्यात काय आहे हे मीच तिला विचारायचे. मी सुरुवातीला तिला अहो-जाहो करायचे. त्यावर ती म्हणाली, “तुमी तुमी करू नको गं, बँकेत आल्यासारखं वाटतं.” तेव्हापासून ती माझी ‘अगं खाला’ झाली. खाला म्हणजे मावशीच, तरी आमच्या साताऱ्याच्या सासूबाईंना नुसतं ‘खाला’ म्हणणं उद्धटपणाचं वाटायचं, म्हणून त्या तिला ‘खालाबाई’ म्हणत.

खाला मूळची उरणकडच्या एका गावातली. नवरा मुंबईला जाणाऱ्या लाँचवर सारंग, म्हणजे लाँच चालवणारा. हयात सगळी पाण्यावर आणि उन्हात गेली, पण ऊन त्यांना कधी सोसलं नाही. घरी आले की पंख्याखाली डोळे मिटून बसायचे आणि खाला माठातल्या पाण्यात पंचा भिजवून त्यांच्या डोक्यावर टाकायची. “लाँचवर राजासारखे उभे राहायचे,” ती सांगायची, “आनि घरात आले की मेनबत्ती. बघता बघता वितळायचे.” नवऱ्याची नक्कल करताना ती खुर्चीत अशी काही गळून पडायची, की सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायच्या. सारंग गेले ते नेमके मे महिन्यात. लेक बाहेरदेशी नोकरीला, म्हणून मग गावचं घर दिराकडे सोपवून ती इथे राहायला आली.

आल्या आल्या तिने सोसायटीतल्या बायकांच्या सहलींचा कारभार हातात घेतला. कोणी दिला नव्हता, तिने घेतला. तिला टाइप करायचा कंटाळा, म्हणून सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेशांतून चालायचा. संदेशात आधी कुकरची शिट्टी, मग कोणाला तरी ‘थांब रे’, मग मासे महाग झाल्याची बातमी आणि अगदी शेवटी मुद्दा. त्यामुळे बहुतेक बायका सुरुवात ऐकून सोडून द्यायच्या आणि अंदाजाने अंगठा टाकायच्या. गेल्याच्या गेल्या वर्षी, पाऊस संपता संपता, असाच एक संदेश आला. त्यात खाला शिट्टीनंतर गंभीर आवाजात म्हणाली, “बायांनो, येत्या रविवारी सकाळी कबरस्तानात जायचंय, सगळ्यांनी यायचं.” पुढचं कोणी ऐकलंच नाही.

पाच मिनिटांत ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली. कोणी हात जोडले, कोणी पांढरी फुलं टाकली. सेक्रेटरीसाहेब बायकांच्या ग्रुपमध्ये कशासाठी आहेत हे कोणालाच माहीत नाही, पण त्यांनीही ‘सोसायटीची मोठी हानी’ असं लिहिलं. कोणाची हानी, हे त्यांनी विचारलं नाही. तळमजल्यावरच्या पाटीलवहिनी तर संदेश न ऐकता, नुसत्या श्रद्धांजल्या वाचून, डोक्यावरून पदर घेऊन थेट खालाच्या दारात उभ्या राहिल्या आणि खालानेच दार उघडलेलं बघून दोन पावलं मागे सरकल्या. “आत या,” खाला म्हणाली, “मी हाय अजून. चहा ठेवते.”

मग सगळा उलगडा झाला. मुंबईत इंग्रजांच्या काळातली एक जुनी दफनभूमी आहे. तिथे रविवारी सकाळी गाइड लोकांना फिरवून जुन्या थडग्यांची माहिती देतात. खालाच्या भाचीने त्याची जाहिरात तिला पाठवली होती. पाय मोकळे होतील, इतिहास कळेल, येताना समुद्रावरचा नवा पूलही बघून होईल, असे फायदे खालाने पाटीलवहिनींना चहाबरोबर सांगितले. पाटीलवहिनींना पुलाचा मुद्दा पटला. आमच्या सासूबाईंना मात्र एकही पटला नाही. “अगं, मसनात कुणी तिकीट काढून जातं व्हय?” त्या मला म्हणाल्या. “तिथं फुकट न्यायला चार माणसं येत्यात. घाई कसली एवढी?”

पुढचा आठवडा आमच्या कट्ट्यावर ज्या चर्चा झाल्या, तशा लग्नाच्या बैठकीतही होत नसतील. पहिला प्रश्न कपड्यांचा. पांढरं नेसलं तर मयताला आल्यासारखं दिसेल, भारी नेसलं तर बारशाला. शेवटी ‘फिकट पण सुती’ असा ठराव झाला. दुसरा प्रश्न खाण्याचा. पाटीलवहिनी म्हणाल्या, “मी उपमा आनते. पन त्यांच्यासमोर खायचा कसा?” खाला म्हणाली, “ते काय मागनार हायत का? बाहेर येऊन खाऊ.” तिसरा प्रश्न फोटोचा होता. ग्रुपफोटोत हसायचं की नाही, यावर एकमत झालंच नाही, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने तोंड करावं असं ठरलं. सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि अमावस्या अगदी दोन दिवसांवर आहे हे बोट ठेवून दाखवलं. खालाने कॅलेंडर निरखून बघितलं आणि म्हणाली, “ताई, तिथं कोनाच्या घरी कॅलेंडर हाय?”

सेक्रेटरीसाहेबांची हरकत वेगळीच होती. परत आल्यावर बायका लिफ्टला हात लावणार, जिन्याच्या कठड्याला धरणार, हे कसं चालेल? त्यांनी रीतसर सुचवलं, की गेटवर पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्यात, सगळ्यांनी हातपाय धुवावेत आणि मगच आत यावं. सासूबाईंनी त्यात कडुलिंबाच्या पाल्याची भर घातली. आमच्याकडे मयताहून आलं की पाला चावतात. ज्यांच्या थडग्यांवरची अक्षरं झिजून गेली, त्यांचं सुतक आम्ही उलव्यात पाळणार होतो. मी हसले, तशा सासूबाई रागावल्या. खालाने मात्र सगळं मान्य केलं. “बादल्या ठेवा, पाला ठेवा, काय पन ठेवा. पन यायचं म्हंजे यायचं.”

ती एवढी हट्टाला का पेटली होती, ते मला शनिवारी संध्याकाळी कळलं. आम्ही कट्ट्यावर बसलो होतो आणि पाटीलवहिनींनी सहज विचारलं, “आत गेल्यावर चपला काढायच्या असतात का गं?” आम्ही एकमेकींकडे बघितलं. साठीच्या, पन्नाशीच्या आम्ही बायका, घरातली किती माणसं आमच्यासमोर गेली, पण स्मशान आतून कोणीच बघितलं नव्हतं. बायकांनी जायचं नसतं. मग प्रत्येकीने आपण कुठपर्यंत गेलो होतो ते सांगितलं. पाटीलवहिनी घराच्या पायरीपर्यंत. एक जण लिफ्टपर्यंत. माझे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार होते. त्यांच्या टोळीतली माणसं त्यांना खांद्यावरून घेऊन निघाली, तेव्हा मी गल्लीच्या टोकापर्यंत धावले होते. तिथे आत्याने माझा दंड धरला. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गोणी वाहिल्या, त्यांना वाहून नेताना मला शेवटपर्यंत बघता आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

“आमच्यात पन तसंच,” खाला म्हणाली. “मी दारात होते. तिथून फुडं त्यांची पाठ पन दिसली नाय.”

मग तिने सांगितलं. गावचं कबरस्तान रस्त्याच्या कडेला आहे, भोवती उंच भिंत. भिंतीवरून एका झाडाचा वाळका शेंडा तेवढा दिसतो, बाकी काही नाही. गावी जाताना-येताना ती रिक्षावाल्याला म्हणते, “जरा हळू.” रिक्षावाल्याला वाटतं गतिरोधक आला. दिराला तिने एकदा विचारून बघितलं होतं. तो चांगला माणूस, वहिनीला शब्दाने दुखवणारा नव्हे. तो एवढंच म्हणाला, “भाबी, आपल्यात रीत नाय.” तिनेही पुन्हा विषय काढला नाही. लेक सुट्टीला आला की आत जाऊन येतो. ती दारातच त्याला धरते, कसं आहे रे आत? लेक म्हणतो, “व्यवस्थित आहे, अम्मी.”

“व्यवस्थित!” खाला उसळून म्हणाली. “हॉटेल हाय का ते? पुरुषांना आत पाठवून काय उपेग नाय. झाड हाय का, सावली कुठवर येते, दुपारी तापतं का, काय सांगता येत नाय त्यांना. तो मुडदा म्हनतो व्हिडिओ काढून आनतो. फोनात ऊन लागतं का?” आणि मग थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, “मे महिन्यात ठेवलंय गं त्यांना. त्या वाळक्या झाडाखाली. त्यांना ऊन सोसत नाय.”

पाटीलवहिनींनी खालाच्या गुडघ्यावर हात ठेवला. जिने जगातली प्रत्येक जागा आतून बघितली, तिला नेमकी हीच एक जागा आतून बघता आली नव्हती, आणि ही नाही तर निदान तिच्यासारखी दुसरी बघावी, म्हणून तिने ही सगळी सहल काढली होती. घरी येऊन मी सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मी येनार न्हाई. पन तू जा. तिच्याजवळ ऱ्हा.”

रविवारी आमची मिनीबस निघाली. पुलावर सगळ्या बायका खिडक्यांना चिकटल्या. खाला मात्र समोर बघत बसली होती. इतर वेळी बस सुरू झाल्यापासून तिचं तोंड सुरू असायचं. ड्रायव्हरलाही ते विचित्र वाटलं असावं, कारण त्याने आरशातून दोनदा मागे बघितलं.

दफनभूमीच्या बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. रस्ता उखणलेला, ट्रकची धूळ, आणि एक लांबलचक काळपट भिंत. भिंतीवरून एका झाडाची वाळकी फांदी बाहेर आली होती. खालाने ती बघितली आणि माझा हात धरला. गाइड म्हणून आलेली मुलगी गोड होती, टोपी घातलेली, गळ्यात छोटा माइक. तिने सूचना दिल्या, थडग्यांवर बसू नका, फुलं तोडू नका. चपला काढायच्या नव्हत्या, हेही कळलं. मग आम्ही आत गेलो.

आत झाडंच झाडं होती. बाहेरून ज्याची वाळकी फांदी दिसली, तेच झाड आतल्या बाजूने भरगच्च हिरवं होतं. वडाच्या पारंब्या, चाफे, पायाखाली ओला पालापाचोळा. रस्त्याचा आवाज भिंतीपाशीच थांबला होता. गाइड सांगत होती, हे अमुक साहेब, हे तापाने गेले, ही त्यांची तरुण बायको, हा दगड बोटीने आला. आमच्या बायका भक्तिभावाने माना हलवत होत्या. पाटीलवहिनींनी एका संगमरवरी परीला चुकून नमस्कारसुद्धा केला. खालाला त्या साहेबांशी काही देणंघेणं नव्हतं. तिने वर्गातल्या पोरीसारखा हात वर केला.

“ताई, दुपारी इथं ऊन येतं का?”

गाइड जरा गोंधळली. म्हणाली, “नाही काकू, झाडं आहेत ना. भर उन्हाळ्यातही गारच असतं.”

“पावसाचं पानी साचतं?”

“उतार आहे. निघून जातं.”

“आनि माती? माती तापते?”

“बघा ना हात लावून,” ती मुलगी सहज म्हणाली.

खाला खाली बसली. गुडघेदुखीमुळे तिला खाली बसवत नसे, पण बसली. तिथे एक साधं थडगं होतं, नाव पुसलेलं, कोणाचं ते गाइडलाही माहीत नव्हतं. त्याच्या शेजारच्या मातीवर खालाने हात ठेवला, नुसती बोटं नाही, अख्खा तळवा. सॅम्पल फ्लॅटमधल्या भिंतींना ओल आहे का, हे बघायला ती असाच हात लावायची. बाकीच्या पुढे गेल्या. मी तिथेच उभी राहिले.

“गार हाय गं,” ती म्हणाली. मग दुसरा हातही ठेवला. “वैशू, आत गार हाय. बाहेरून बघितलंस ना, किती भकास? अन् आत बघ. मला वाटायचं, ऊन लागत असेल त्यांना. एवढी वर्षं मला तेच वाटायचं.”

ती रडली, पण फार नाही. मीही रडले, माझ्या वडिलांसाठी, आणि तिच्यापेक्षा जास्त. मग तिने ओढणीने आधी माझं तोंड पुसलं, नंतर स्वतःचं, आणि मला हात द्यायला सांगून उठली. ग्रुपफोटोत एकटी खाला तेवढी तोंडभर हसली आहे. बाकी सगळ्या पासपोर्टच्या फोटोत असतात तशा उभ्या आहेत.

परत येताना बसमध्ये तिचा आवाज पुन्हा सुरू झाला. उपम्यात मीठ कमी होतं इथपासून ते गाइडच्या लग्नाचं बघायला हवं इथपर्यंत. सोसायटीच्या गेटवर बादल्या तयार होत्या आणि सेक्रेटरीसाहेब लांब उभे राहून देखरेख करत होते. खालाने सगळ्यात आधी पाय धुतले, लिंबाचा पाला चावला, तोंड वाकडं केलं आणि उरलेला पाला साहेबांपुढे धरला. “घ्या. डायबेटीसला चांगला असतो.” त्यांनी घेतला.

घरी मी आंघोळ करून बाहेर आले, तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. दोन-तीन वेळा डबे इकडचे तिकडे केल्यावर त्यांनी शेवटी विचारलं, “काय असतं गं आत?” मी सांगितलं. झाडं, सावली, ओली माती, सगळं. त्यांनी सासऱ्यांच्या फोटोकडे बघितलं आणि कणीक मळायला घेतली.

त्यानंतर खाला गावी जायची, तेव्हाही रिक्षा भिंतीपाशी हळू करायला लावायची. पण आता मान लांब करून बघायची नाही. एकदा मी बरोबर होते. भिंतीकडे न बघताच ती म्हणाली, “बाहेरून तसंच दिसतं ते.” आणि मला उरणच्या बाजारात कोळंबी कुठे चांगली मिळते ते सांगू लागली.

या वर्षी मे महिन्यात खाला गेली. गावीच गेली, दिराच्या घरी, दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. बातमी ग्रुपवर आली तेव्हा बराच वेळ कोणी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलंच नाही. सगळ्या जणी वाट बघत होत्या, की आता शिट्टी वाजेल आणि पुढचा मुद्दा येईल. मग पाटीलवहिनींनी खालाचा जुना संदेश पुन्हा टाकला, तो कबरस्तानाचा, आणि या वेळी सगळ्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. त्यात अगदी शेवटी ती म्हणत होती, “कोन येनार नसेल तर सांगा, मी एकटी पन जाईन. पन तुमी असलात तर बरं.”

गावी जायला सासूबाई माझ्याआधी तयार होऊन बसल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा पुरुष खालाला घेऊन निघतच होते. बायका दारात थांबल्या, आम्हीही त्यांच्यात थांबलो. थोड्या वेळाने तिच्या जावेला भेटून आम्ही परत निघालो. रस्ता उन्हाने पांढरा पडला होता. ती भिंत जवळ आली, तशा सासूबाई पुढे वाकल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, “जरा हळू घे, बाबा.”

भिंतीपलीकडून माणसांचा हलका आवाज येत होता. वरती तो वाळका शेंडा, बाकी काही दिसत नव्हतं. सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. ऊन त्यांनाही सोसत नाही.

“आत गार आसंल ना गं?” त्यांनी विचारलं.

“गार असतं, आई,” मी म्हटलं. “मी आतून बघितलंय.”